दारघंटा, अगदी खरी

भाचीने शेवटचा स्क्रू दातांत धरला, खिडकीच्या कठड्यावरून जुना संगणक दोन्ही हातांनी उचलला आणि सरळ टेपकाकांच्या मांडीवर ठेवला, कारण त्या खोलीत ठेवायला दुसरी जागाच नव्हती.

"धरा. तुमचं लाडकं."

टेपकाकांनी तो धरला खरा, पण चेहरा असा केला, की कुणी त्यांचा दात उपटून त्यांच्याच हातात दिला आहे. नाट्यगृहाच्या अगदी मागे, शिडी चढून जावं लागे अशी ती आवाजाची खोली. घंटा, फोन, गाड्यांचे भोंगे, पाऊस, कुत्रं, सगळं तिथून वाजायचं. काका तिथे टेपच्या काळापासून बसत. टेप गेल्या, नाव राहिलं.

"तिथेच असू दे म्हणत होतो मी," ते पुटपुटले. "नवा बसव ना खुशाल, पण तिथेच बसव. हवा लागते त्याला."

ह्या हवेची गोष्ट भाचीने कितीदा ऐकली होती. जगात कुठेही संगणक टेबलाखाली असतो नाहीतर टेबलावर. टेपकाकांनी मात्र तो थेट खिडकीत, रंगमंचाकडे तोंड करून ठेवला होता. नुसता ठेवला नव्हता, तर पट्ट्या मारून, स्क्रू पिळून बसवला होता. पाठ काकांकडे. त्यामुळे तो सुरू करायला काकांना दर वेळी पलीकडे हात घालून बटण चाचपावं लागे आणि नाटक बघायला मान वाकडी करावी लागे. मान दुखते म्हणून वर तक्रार होतीच.

"ह्याला हवा बिवा काही लागत नाही," ती म्हणाली आणि पिशवीतून नवा संगणक काढला.

शाळेत जेवणाचा डबा नेतात तेवढाच तो होता. काळा, गुळगुळीत, पंख्याचा आवाज नाही, पुढे काही लुकलुकत नाही. तिने तो टेबलाखाली चिकटवला. खिडकी एकदम मोकळी झाली. अख्खा रंगमंच दिसू लागला, मधली खुर्ची, बाजूचं दार, दारामागे उभा राहून बिस्किट खाणारा, नाटकातला भाडेकरूसुद्धा.

ह्या कामासाठी तिने दिग्दर्शकांच्या मागे वर्षभर भुणभुण लावली होती. जुनं यंत्र अडखळायचं. घंटेचं बटण दाबलं की आधी कुरकुरायचं, मग जरा विचार करायचं आणि मग वाजवायचं. एकदा तर भर प्रयोगात अडून बसलं होतं आणि काकांनी तोंडाने कुत्रं भुंकवलं होतं. दिग्दर्शक शेवटी वैतागून म्हणाले होते, की बदल बाई, पण उद्याच्या प्रयोगात काही घोळ झाला तर पुढच्या वेळी बाहेरचा माणूस आणेन, भाची असलीस म्हणून काय झालं. भाची होती ती आत्याची. आत्या म्हणजे नाटकातली घरमालकीण. सगळी मंडळीच तिला आत्या म्हणत, त्यात दिग्दर्शकही आले.

तर काम असं काही विशेष नव्हतं. जुन्या यंत्रावर लिनक्स होतं, म्हणजे संगणक चालवणारी फुकटची प्रणाली, तिनेच कॉलेजात असताना घातलेलं. ते जसंच्या तसं उचलून नव्यात ठेवायचं, म्हणजे घर बदलताना सामान नुसतं न्यायचं नाही, तर कपाटातल्या घड्यासुद्धा मोडायच्या नाहीत. चहा होईतो सगळं उतरून झालं. काकांचा पडद्यावरचा बोटीचा फोटो आला. काकांनी ठेवलेली फायलींची नावंही आली: 'दारघंटा', 'दारघंटा खरी', 'दारघंटा अगदी खरी' आणि 'ही वाजवू नये'.

"ह्यात काय आहे?" तिने विचारलं.

"वाजवू नये ते," काका म्हणाले.

तिने तीही आणली. काही म्हणजे काही मागे ठेवायचं नाही, हा तिचा बाणा. मग 'दारघंटा अगदी खरी'वर बोट ठेवलं. दाबल्या क्षणी घंटा वाजली, लखलखीत, कुरकुर नाही की विचार नाही. दारामागचा भाडेकरू बिस्किटासकट दचकला. भाचीला इतकं बरं वाटलं, की तिने ती उगाच आणखी एकदा वाजवली.

टेपकाका मांडीवरचं धूड कुरवाळत बसले होते.

सकाळची तालीम सुरू झाली. नाटक विनोदी होतं. घरमालकीण दिवसभर मधल्या खुर्चीत विणत बसते आणि भिंतीपलीकडची कुजबुजसुद्धा तिला ऐकू येते. तिच्या तावडीतून सुटायला भाडेकरू नाना उपद्व्याप करतो. ह्या भूमिकेत आत्याची एक खासियत होती, प्रेक्षक त्यासाठी परत परत येत. घंटा वाजायच्या किंचित आधी ती मान वर करायची. सुया थांबायच्या, डोळे बारीक व्हायचे आणि मग घंटा वाजायची. म्हातारीला येणाऱ्याची चाहूल आधीच लागते, असं म्हणून लोक खो खो हसायचे. दिग्दर्शक म्हणत, असलं काही शिकवून येत नाही.

हॉलमधले दिवे मालवले. भाचीने बटण दाबलं. घंटा वाजली.

आत्या विणत राहिली.

घंटा पुन्हा वाजवली. आत्याने एक टाका उलटा घातला. दारामागून भाडेकरू हळूच खाकरला, मग जरा जोरात, शेवटी त्याने दार स्वतःच उघडून आत डोकं घातलं. त्याला बघताच आत्या ताडकन उठली आणि त्याला असं काही झापलं, की दोघांचा बेबनाव नाटकातलाच वाटावा. पण पुढच्या प्रवेशात फोन वाजला आणि तेव्हाही तेच. फोन आपला बोंबलतोय आणि ही शांत.

दिग्दर्शकांनी हात वर केला. ते ओरडणारे नव्हते. गप्प व्हायचे, चष्मा पुसायचे. मंडळींना ओरडणं परवडलं असतं.

"आत्या, काय होतंय?"

"घंटा बदलली आहे," आत्या ठसक्यात म्हणाली. "माझ्या कानातली जुनी घंटा ही नव्हे. हिच्या त्या डबीने आवाज पातळ केलाय."

भाचीच्या नाकाला हे मिरचीसारखं झोंबलं. पातळ? तिने? इतक्या निगुतीने एकूण एक फाईल आणली, आणि आवाज पातळ? तिने तिथल्या तिथे जुना डबा एका पडद्याला जोडला, दोन्हीकडच्या घंटांचा ठसा काढला, म्हणजे त्या फायलीतल्या कणाकणावरून निघणारी अक्षरांची लांबलचक ओळ, आणि दोन्ही ओळी एकीखाली एक ठेवल्या. मग माईक सुरू करून सगळ्या हॉलला ऐकवलं.

"एका अक्षराचाही फरक नाही. तीच घंटा आहे. यंत्रात काही दोष नाही."

"नक्की?" दिग्दर्शकांनी वर बघून विचारलं.

"शंभर टक्के."

शेजारी टेपकाकांनी डोळे मिटून घेतले. ते तिने पाहिलं, पण विजयाच्या भरात त्याचा अर्थ लावायला ती थांबली नाही.

दिग्दर्शकांनी पुन्हा चष्मा पुसला. यंत्रात दोष नाही, तर मग राहिलं कोण, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. ते आत्याच्या खुर्चीपाशी गेले, वाकून बराच वेळ हळू आवाजात बोलले. आत्या त्यांच्या ओठांकडे बघत मान हलवत होती. काय ठरलं ते जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना कळलं. संध्याकाळी एक तालीम. त्यात पुन्हा असं झालं, तर उद्या घरमालकिणीची शाल शेजारणीचं काम करणारी बाई पांघरेल. तिला सगळे संवाद येतात. आत्याने विश्रांती घ्यावी. इतकी वर्षं केलं, आता वयही झालं. हे सगळं त्यांनी फार मायेने सांगितलं म्हणे, आणि त्यामुळे ते जास्तच वाईट वाटलं.

भाचीने हातातला घास खाली ठेवला. आत्या आणि ती खुर्ची ह्यांच्याशिवाय तिला हे नाट्यगृह माहीतच नव्हतं. लहानपणी ती त्याच खुर्चीखाली झोपायची. आत्याचं काही चुकतंय ह्यावर तिचा विश्वास बसेना. वय झालं म्हणे! ठसा जुळला तरी तिचंच काही राहिलं असणार. आवाज बाहेर पडताना कुठे कापला जात असेल, तारेत काही असेल. जेवण अर्धवट टाकून ती शिडी चढली. टेपकाका तिथे नव्हते, खाली कुठेतरी तोंड लपवून बसले असावेत.

टेबलावर पसाऱ्यात जागा नव्हती. तिने जुना डबा उचलून त्याच्या मूळच्या जागी, खिडकीत टेकवला आणि सुरू केला. तो नेहमीसारखा कण्हत जागा झाला. स्पीकरची तार अजून नव्या यंत्रात होती. ती काढण्याआधी निदान फाईल उघडते का बघू, म्हणून तिने जुन्यावर 'दारघंटा अगदी खरी' दाबली.

आवाज अर्थातच आला नाही. डबा कुरकुरला. पलीकडच्या बाजूला, त्याच्या तोंडावरचा लाल दिवा लुकलुकला असेल तेवढाच. कुठलीही फाईल वाचायला घेतली की तो लुकलुकायचा.

खाली, अंधाऱ्या हॉलच्या पलीकडे, आत्या एकटीच खुर्चीत बसून विणत होती. तिने मान वर केली. सुया थांबल्या. डोळे बारीक झाले.

"आले, आले," ती करवादली, "दार काय तोडता की काय!" आणि उठून तरातरा जाऊन तिने दार उघडलं. दारामागे कुणी नव्हतं.

हॉलमध्ये चिटपाखरूही नव्हतं आणि काहीही वाजलं नव्हतं.

भाची बटणावर बोट ठेवून तशीच उभी राहिली. मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली. आत्या फोन कधी उचलत नाही, लिहून पाठव म्हणते, मी कामात आहे. आत्या बोलताना आपल्या तोंडाकडे टक लावून बघते, आपल्याला वाटायचं प्रेमाने. बाकीच्यांचे संवाद तिला पाठ होते आणि ओठ दिसत होते. पण घंटेला ओठ नसतात. म्हणून तो डबा खिडकीत. म्हणून तोंड रंगमंचाकडे. आणि आपण माईक लावून सगळ्या जगाला सांगितलं, की यंत्रात काही दोष नाही. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की कानशिलं तापली.

ती खाली गेली. आत्या दाराची कडी धरूनच उभी होती. तिने भाचीचा चेहरा बघितला आणि सगळं ओळखलं.

"टेपला काही बोलू नकोस," ती म्हणाली. "मीच त्याला शपथ घातली होती."

"कानात घालायचं यंत्र मिळतं गं, आत्या." भाची तिच्या समोर येऊन, एकेक शब्द सावकाश म्हणाली.

"आहे की. घरी ड्रॉवरमध्ये आहे. ते घालून उभी राहिले, तर पहिल्या रांगेत कुणी चॉकलेटचा कागद उघडला तरी माझ्या डोक्यात छप्पर कोसळतं. घरी घालते अधूनमधून." आत्याने शाल सारखी केली. "एक सांगू? तुझा नवा डबा चांगला आहे. गोंडस आहे. फक्त त्याला तोंडच नाही बघ."

भाचीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं, आणि आत्याने तिच्या टाळक्यात एक हलकी टपली मारली, रडतेस काय, उद्या प्रयोग आहे.

दुपारभर आवाजाच्या खोलीत खुडबुड चालली होती. टेपकाकांना बोलावून आणलं. त्यांना काही सांगावं लागलं नाही. भाचीने स्क्रूपिळा पुढे केला तसे ते मुकाट्याने कामाला लागले. जुन्या डब्याचं तोंड, दिव्यासकट, अलगद सुटून आलं. त्याच्या दोन तारा एका बोटभर सर्किटपट्टीला जोडल्या, पट्टी नव्या यंत्रात खोचली. भाचीने चार ओळी लिहिल्या: कुठलाही आवाज वाजवायचा झाला की आधी दिवा लुकलुकेल, मग किंचित थांबून आवाज येईल. किती थांबायचं ह्यावर मात्र दोघांचं जमेना. काकांनी शेवटी तिचा हात बाजूला केला, डोळे मिटले आणि "कुर्र... कुर्र... हं," असं जुन्या डब्याचं कण्हणं हुबेहूब काढून दाखवलं. "एवढं," ते म्हणाले. तेवढंच ठेवलं. वर्षभर जो उशीर तिने शिव्या घालून घालवला होता, तो तिने स्वतःच्या हाताने परत बसवला.

मग ते तोंड खिडकीत स्क्रूने पिळलं. मागे धड नाही, नुसतंच तोंड. काकांची मान पुन्हा वाकडी झाली आणि ते भलतेच खुशीत आले.

संध्याकाळी तालमीआधी दिग्दर्शक वर आले. शिडी चढून धाप लागली होती. त्यांनी ते बिनधडाचं तोंड बघितलं.

"हे काय सोंग?"

"हे आणायचं राहिलं होतं," भाची म्हणाली. "सकाळी मी म्हणाले ना दोष नाही म्हणून, ते चुकलं माझं. ह्याच्याशिवाय घंटा नीट वाजत नाही. आत्याचं बरोबर होतं."

"शंभर टक्के म्हणाली होतीस."

"चुकले."

दिग्दर्शक वाकून ते तोंड निरखू लागले. बाहेरच्या माणसाचा विषय आता निघणार असं तिला वाटलं आणि निघाला तर निघो, असंही वाटलं. पण ते नुसतं "हं" म्हणाले आणि उतरले.

दिवे मालवले. भाचीने बटण काकांच्या हाती दिलं. त्यांनी दाबलं. आत्याची मान वर झाली, सुया थांबल्या, डोळे बारीक झाले, आणि घंटा वाजली. शालीसाठी तयार बसलेली शेजारीणसुद्धा फस्सकन हसली. फोन वाजला, आत्याने झडप घातली. भाडेकरूला तर आज तिने असं फैलावर घेतलं, की तो दोनदा संवाद विसरला. तिसऱ्या प्रवेशात खुर्ची डाव्या बाजूला असते. तिथे घंटेच्या आधी आत्या विणता विणता एकीकडे झुकते, मान लांब करते, खांबाआडून डोकावल्यासारखं करते. म्हातारीचा चौकसपणा म्हणून ह्या झुकण्याचं कौतुक छापूनही आलं होतं. आजही ती झुकली. घंटा वाजली. सगळं वेळच्या वेळी झालं.

तालीम संपली. मंडळी कपडे बदलायला गेली. आत्या जाताना वर बघून हात हलवून गेली. टेपकाका तारा गुंडाळत एक जुनं गाणं बेसूर गुणगुणत होते आणि भाची एकेक यंत्र बंद करत होती.

दिग्दर्शक मात्र गेले नव्हते. ते रंगमंचावर एकटेच उभे होते. मग आत्याने खुर्चीवर टाकलेली शाल उचलून त्या तिसऱ्या प्रवेशातल्या खुर्चीत बसले. समोर बघितलं. हळूच एका बाजूला झुकले, मान लांब केली आणि थेट आवाजाच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. सरळ झाले. पुन्हा झुकले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अगं ए," त्यांनी खालून हाक मारली.

भाची हातातलं काम टाकून उठली. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तो तुझा दिवा वीतभर उजवीकडे घे," दिग्दर्शक म्हणाले. "ह्या खुर्चीतून मधे खांब येतो. उगाच मान लांब करावी लागते."

आणि शाल खुर्चीच्या पाठीवर नीट घडी करून ठेवून ते निघून गेले.